धुराचे तीन शब्द आणि एक ‘बिघडलेली’ बोली

आज आपण जाणार आहोत स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सीमेलगत, एस्त्रेमादुरा प्रांतात. त्याच्या वायव्य भागात, म्हणजे कोरिया, सिएर्रा दे गाता, लास उर्देस या डोंगराळ मुलखात, एस्त्रेमेन्यु नावाची बोली आहे. तिच्याबद्दल सर्रास ऐकू येणारं मत म्हणजे ‘खेडवळांची बिघडलेली स्पॅनिश’. हे मत कितपत टिकतं, ते एका शब्दावर तपासू या.

शब्द आहे धूर. लॅटिनमध्ये तो ‘फुमुस’. उत्तरेकडच्या आस्तुरियन भाषेत त्याचं झालं ‘फुमु’. स्पॅनिशमध्ये झालं ‘उमो’. लिहिताना आधी ‘ह’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. आणि एस्त्रेमेन्युत? ‘हुमु’. इथला ‘ह’ स्पष्ट ऐकू येतो.

आता बघा, हा ‘ह’ कुणी मागाहून चिकटवलेला नाही. लॅटिन ‘फ’चा आधी ‘ह’ झाला, मग तोही गळला. सोळाव्या शतकात स्पॅनिश बोलणारे पुष्कळ लोक तो उच्चारत होते. स्पॅनिश पुढे गेली, ही बोली त्याच पायरीवर थांबली. शेवटचा ‘उ’ मात्र आस्तुरियनशी जुळणारा. एकाच शब्दात दोन्हीकडच्या खुणा! म्हणूनच अभ्यासक हिला आस्तुर-लिओनी आणि स्पॅनिश यांच्यामधली संक्रमण-बोली म्हणतात.

हे मिश्रण आलं कुठून? लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२२९ मध्ये कासेरेस जिंकलं. लिओनकडून माणसं येऊन वसली, त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही आली. पण १२३० मध्ये लिओन आणि कॅस्टिल एका राजाखाली आले आणि पुढे कारभाराची, शाळेची भाषा ठरली ती कॅस्टिलची, म्हणजेच आजची स्पॅनिश.

या बोलीत साहित्यही आहे, बरं का. होसे मारिया गाब्रिएल इ गालान या शिक्षक-कवीने १९०२ मध्ये ‘एस्त्रेमेन्यास’ हा संग्रह काढला, तो याच बोलीच्या वळणात.

आस्तुरियनला १९९८ मध्ये आणि पोर्तुगालमधल्या मिरांडीजला १९९९ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. एस्त्रेमेन्युला अजून अधिकृत भाषेचा दर्जा नाही. तेव्हा प्रश्न फक्त व्याकरणाचा उरत नाही. आपली भाषा म्हणजे चूक, असं एकदा मनात बसलं की आईबाप मुलांशी ती बोलायचं थांबवतात. आणि मग ‘हुमु’मधला तो ‘ह’सुद्धा कागदापुरताच राहतो.