हाय-पॉवर रॉकेट: खरी कसोटी परत येण्याची

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीने घरी फोनवर सांगितलं, "मी रॉकेटची लेव्हल वन करतेय," की इकडे आईबाबांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं उभी राहतात: दिवाळीतला बाण, नाहीतर श्रीहरिकोटा. हाय-पॉवर रॉकेट या दोन्हींपेक्षा वेगळं असतं. पहिल्या पातळीचं रॉकेट साधारण छातीला लागेल एवढं उंच आणि दीड-दोन किलो वजनाचं असतं. ते घरच्या टेबलावर जोडतात आणि मोकळ्या मैदानावरून सोडतात. बाण सुटला की संपतो. हे रॉकेट मात्र धडधाकट परत आणायचं असतं. या छंदाबद्दलचे बहुतेक गैरसमज हा एक फरक लक्षात न घेतल्याने होतात.

आधी पायऱ्या समजून घेऊ. अमेरिकेत या छंदाच्या दोन मोठ्या संघटना आहेत: 1957 मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन. दोन्हींकडे प्रमाणपत्राच्या तीन पातळ्या आहेत. मोटरच्या एकूण ताकदीला इंग्रजी अक्षर दिलेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते. 'जी' मोटर 160 न्यूटन-सेकंदांपर्यंत असते, आणि सर्वसाधारणपणे तिथपर्यंत प्रमाणपत्र लागत नाही. 'एच' 320 पर्यंत आणि 'आय' 640 पर्यंत, या दोन्ही पहिल्या पातळीत येतात. जे, के, एल दुसऱ्या पातळीत. एम, एन, ओ तिसऱ्या पातळीत, आणि तिथली मर्यादा 40,960 न्यूटन-सेकंद. मोटरवर 'एच128' असं लिहिलेलं पाहून 128 म्हणजे मोटरची ताकद, असं नवख्याला वाटतं. 128 हा सरासरी रेटा आहे, न्यूटनमध्ये. एकूण ताकद अक्षर सांगतं. सरासरी रेटा तेवढाच असलेली 'आय' मोटर जास्त वेळ जळते, एवढाच फरक.

आता घरच्यांच्या पहिल्या भीतीकडे वळू: "म्हणजे हे स्फोटकच की!" या मोटरमधलं घन इंधन अमोनियम परक्लोरेट, रबरासारखा बांधणारा पदार्थ आणि बऱ्याचदा अॅल्युमिनियमची पूड यांचं असतं. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं इंधन याच कुळातलं आहे. ते पृष्ठभागावरून थराथराने जळतं. त्यातून निघणारा तापलेला वायू नोझलमधून मागे जातो आणि रॉकेट पुढे सरकतं. अमेरिकेच्या स्फोटकविषयक केंद्रीय खात्याने हे इंधन स्फोटकांच्या यादीत ठेवलं होतं. त्याविरुद्ध या दोन्ही संघटना 2000 मध्ये न्यायालयात गेल्या. वाद इंधन किती वेगाने जळतं यावर येऊन ठेपला, आणि मार्च 2009 मध्ये निकाल संघटनांच्या बाजूने लागला. छंद म्हणून जमलेल्या माणसांनी नऊ वर्षं चिकाटीने हा खटला लढवला, याचं मला फार कौतुक वाटतं. मात्र 'स्फोटक नाही' याचा अर्थ 'निरुपद्रवी आहे' असा होत नाही. पॅराशूट बाहेर ढकलण्यासाठी जी चिमूटभर काळी दारू वापरतात, ती खरोखरच स्फोटक असते. 'एच' ते 'जे' मोटरचं साधं रॉकेट सोडताना माणसं किमान 100 फूट लांब उभी राहतात. बटण दाबूनही मोटर पेटली नाही, तर 60 सेकंद कोणी पॅडकडे पाऊल टाकत नाही.

"इंधन घरी कालवतात ना?" हा गैरसमज सर्वांत घातक आहे. घरी इंधन कालवावं लागू नये, याचसाठी तर हा छंद जन्माला आला. 1950च्या दशकात अमेरिकेत पोरं नळकांड्यांत रसायनं ठासून स्वतःचे हातपाय गमावत होती, आणि स्पुटनिकनंतर ते वेड आणखी वाढलं. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या बुटांच्या दुकानदाराने 1954 मध्ये कागदी नळीचं, तयार मोटरवर उडणारं आणि पॅराशूटने उतरणारं छोटं रॉकेट बनवलं होतं. जी. हॅरी स्टाइन हे रॉकेट-तंत्रज्ञ अशा घरगुती प्रयोगांच्या धोक्यांबद्दल लिहीत असत. कार्लाइल यांनी त्यांना आपली रॉकेटं पाठवली आणि तिथून आजचा छंद उभा राहिला. प्रमाणपत्राच्या उड्डाणाला कारखान्यात बनलेली, तपासून मान्य झालेली मोटरच चालते. साखर आणि सोरा मिसळून रॉकेट करण्याचे व्हिडिओ आपल्याकडची शाळकरी मुलंही पाहतात. त्यांना मी एकच गोष्ट कळकळीने सांगेन: ते करू नका. त्यात हात भाजतात, डोळे जातात, आणि रॉकेटशास्त्रातलं शिकायला काहीच मिळत नाही.

मोटर विकतची, मग बनवायचं काय? बाकीचं सगळं. इथे पुढचा गैरसमज भेटतो: "एवढा जोर सोसायचा, तर धातूचंच हवं." सुरक्षेची नियमावली याच्या नेमकी उलट आहे. कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबरग्लास असं हलकं साहित्य वापरा, आणि धातू अगदीच गरज असेल तिथे, तोही ठिसूळ नसलेला. कारण उघड आहे. काही बिघडलं आणि रॉकेट वरून कोसळलं, तर कागदी नळी चुरगळते. पोलादी नळी माणसाच्या अंगावर पडली तर काय होईल, ते सांगायला नको.

कागदी नळी टिकते ती जोडणीमुळे. फिन, म्हणजे शेपटीकडचे पंख, नळीला बाहेरून नुसते चिकटवत नाहीत. नळीला खाचा पाडून प्लायवूडची फिन आत सरकवतात, थेट मोटरच्या आतल्या नळीपर्यंत. दोन नळ्यांमधल्या प्लायवूडच्या कड्या आणि फिन मिळून आत एक बंदिस्त पेटी तयार होते. फिन आणि नळीच्या बाहेरच्या कोपऱ्यात इपॉक्सीची गोलसर पट्टी भरतात. तिला सगळे फिलेट म्हणतात. त्याआधी नळीचा गुळगुळीत थर सँडपेपरने घासून खरबरीत करावा लागतो, नाहीतर इपॉक्सी वरवर बसते आणि पापुद्र्यासारखी निघते. रॉकेट आडवं ठेवून दोन फिनमधली खोबण बरोबर वर आणायची, दोन्ही कडांना टेप लावायची, इपॉक्सीची धार सोडायची, हातमोजा घातलेलं बोट स्पिरिटमध्ये बुडवून ती एका झटक्यात ओढायची आणि इपॉक्सी ओली असतानाच टेप काढायची. मग ती घट्ट होईपर्यंत थांबायचं आणि रॉकेट फिरवून पुढची खोबण घ्यायची. घाई केली की इपॉक्सी ओघळते.

"जितकी जास्त इपॉक्सी, तितकं मजबूत" हेही खरं नाही. शेपटीकडे प्रत्येक ग्रॅम वाढला की रॉकेटचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि रॉकेट सरळ जाणं त्याच्या जागेवरच अवलंबून असतं. हवेचा बाजूने येणारा सगळा रेटा जणू ज्या एका बिंदूवर पडतो, तो दाबमध्य. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, नोज कोनच्या म्हणजे निमुळत्या टोकाच्या बाजूला, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो. नळी 10 सेंटीमीटरची, तर अंतर किमान 10 सेंटीमीटर. असं असलं, की रॉकेट किंचित वाकडं झाल्यावर हवाच त्याला पुन्हा सरळ करते. दाबमध्य काढण्याची सोपी गणितं जेम्स बॅरोमन यांनी 1960च्या दशकात छंदवाल्यांसमोर मांडली. आज ओपनरॉकेट या मोफत प्रोग्रॅममध्ये ती आयती मिळतात. या प्रोग्रॅमची सुरुवात सांपो निस्कानेन यांच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या 2009 च्या प्रबंधातून झाली. पण पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. मोटर बसवून, पॅराशूट भरून, रॉकेट प्रत्यक्ष दोरीवर तोलून गुरुत्वमध्य शोधायचा आणि नळीवर खूण करायची. मैदानावरचा सुरक्षा अधिकारी आधी तीच खूण पाहतो.

फिन वाऱ्यावर काम करतात, म्हणजे रॉकेटला वेग आल्यावरच. सुटल्याच्या पहिल्या क्षणी त्यांचा काही उपयोग नसतो. म्हणून रॉकेट उभ्या रेलवर चढवतात आणि रेल सुटेपर्यंत त्याला सेकंदाला 15 मीटरच्या आसपास वेग यावा असं पाहतात. नियम सांगतो, की सुटताना रॉकेटचं वजन मोटरच्या सरासरी रेट्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. जाणती मंडळी पाचपट रेटा मागतात. दीड किलोच्या रॉकेटचं वजन साधारण 15 न्यूटन भरतं, तेव्हा एच128 त्याला आठपटीहून जास्त रेटा देते. उलट नोज कोनमध्ये भरमसाट वजन घालून रॉकेट 'जास्तच स्थिर' केलं, तर ते वारा येतो त्या दिशेला तोंड वळवतं आणि तिरकं निघून जातं.

आता प्रमाणपत्राकडे. "जितकं उंच, तितके जास्त गुण" असं काही नसतं. पहिल्या पातळीला उंचीची अट नाही, गुणही नाहीत. रॉकेट स्वतः बांधलेलं हवं, मोटर 'एच' किंवा 'आय' हवी, आणि उड्डाण तपासनिसाच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. पॅराशूट उघडून रॉकेट सावकाश उतरलं, की ते तपासनिसाच्या हाती द्यायचं. तो पाहतो ते एवढंच: आत्ता दुसरी मोटर दिली, तर हे लगेच सुरक्षितपणे उडेल का? उतरल्यावर वाऱ्याने फरपटत नेल्याचे ओरखडे माफ असतात. झाडावर अडकलेलं रॉकेट जागेवर जाऊन तपासता आलं, तर तेही चालतं. पण सापडलंच नाही तर नापास, मग ते कितीही देखणं उडालेलं असो. म्हणून जाणकार पहिल्यांदा जाडसर नळी, लहान 'एच' मोटर आणि तीन-चारशे मीटरची उंची सुचवतात. या छंदात सर्वाधिक गाजलेल्या उड्डाणांपैकी एक आहे स्टीव्ह इव्ह्ज यांचं. त्यांनी सॅटर्न फाइव्हची 36 फुटी, साडेसातशे किलोच्या घरातली प्रतिकृती बांधली आणि एप्रिल 2009 मध्ये मेरीलँडमधून सोडली. ती दीड किलोमीटरही वर गेली नाही. पण पॅराशूटवर उभी उतरली, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते तेच.

नापास होणारी बरीच उड्डाणं वर जाताना व्यवस्थित असतात. "इंधन संपलं की पॅराशूट उघडतं" हा समज इथे महागात पडतो. इंधन एक-दोन सेकंदांत संपतं, पण तेव्हा रॉकेट सर्वांत वेगात असतं. पुढे कित्येक सेकंद ते नुसत्या मिळालेल्या गतीवर चढत राहतं. त्या काळात मोटरच्या पुढच्या टोकाला विलंबाची एक छोटी वडी जळत असते. ती संपली की काळी दारू पेटते आणि नोज कोन ढकलला जातो. हे बरोबर शिखरावर, रॉकेट जवळजवळ थांबलेलं असताना व्हायला हवं. अनेक मोटरींना वडी मुद्दाम लांब देतात आणि आपण खास ड्रिलने ती हाताने खरवडून कमी करायची असते. एका प्रचलित बनावटीत साधारण 0.8 मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. शिखरानंतर तीन सेकंद उशीर झाला, तर हवेचा अडथळा सोडून हिशेब केल्यास रॉकेट सेकंदाला 29 मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने खाली येत असतं. त्या हिसक्याने पॅराशूटला बांधलेली दोरी कागदी नळीला वरून खाली चिरत जाते. याला झिपर म्हणतात, आणि झिपर झालेलं रॉकेट त्या दिवशी पुन्हा उडत नाही.

"पॅराशूट मोठं, तर काळजी नाही" असं म्हणणाऱ्याने वारा जमेत धरलेला नसतो. सेकंदाला साडेपाच मीटरने उतरणारं रॉकेट 400 मीटरवरून खाली यायला 73 सेकंद घेतं. वारा सेकंदाला 6 मीटर असेल, तर ते चारशे-साडेचारशे मीटर वाहून जातं. तेवढं चालता येतं. तेच 1,500 मीटरवरून उतरलं, तर दीड किलोमीटरहून पुढे, कुणाच्या तरी मक्यात. म्हणून उंच जाणाऱ्या रॉकेटमध्ये हवेच्या दाबावरून उंची ओळखणारं यंत्र बसवतात. शिखरावर छोटं पॅराशूट उघडतं, रॉकेट भरभर खाली येतं आणि जमिनीपासून दीडशे मीटरवर मोठं पॅराशूट सुटतं. दुसऱ्या पातळीला याची गरज अनेकदा भासू लागते, शिवाय लेखी परीक्षाही असते. तिसऱ्या पातळीला तर रॉकेटचा आराखडाच आधी अनुभवी सदस्यांकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पॅराशूट उघडणारी दोन स्वतंत्र यंत्रं सक्तीची असतात. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून.

शेवटी परवान्याची गोष्ट. प्रमाणपत्र संघटनेचं असतं, सरकारचं नव्हे. ते खिशात आहे म्हणून कुठूनही रॉकेट सोडता येत नाही. आकाशाची परवानगी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडून वेगळी घ्यावी लागते, आणि ती बहुतेकदा क्लबने मैदानासाठी घेतलेली असते. पूर्ण प्रमाणपत्राला वय 18 लागतं. नॅशनल असोसिएशनने 14 ते 17 वयाच्या मुलांसाठी देखरेखीखालची वेगळी सोय ठेवली आहे. नासाच्या स्टुडंट लाँच स्पर्धेत उतरणाऱ्या कॉलेजच्या संघालाही प्रमाणपत्रधारक मार्गदर्शक लागतो. मुलांनी मोटर स्वतःच्या भरवशावर हाताळायची नसते. हे कळल्यावर घरच्यांनी निश्चिंत व्हावं.

तेच प्रमाणपत्र घेऊन भारतात आलं, तर त्याच्या आधारावर इथे काही उडवता येत नाही. आपल्या 1884 च्या स्फोटक कायद्याच्या व्याख्येत रॉकेटांचा थेट उल्लेख आहे. त्या कायद्याखालचे परवाने पाहणाऱ्या 'पेसो' या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शिवाय आकाशाची परवानगी वेगळी. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याने एकट्याने मोटरच्या मागे लागू नये. कॉलेजच्या संघातून, संस्थेच्या नावाने रीतसर अर्ज करून जावं. तोपर्यंत ओपनरॉकेटवर आराखडा करावा, कागदी नळी आणि प्लायवूड आणून सांगाडा जोडावा, फिलेट भरावीत, पॅराशूट शिवावं आणि ते नळीतून न अडकता सुटतं का, हे हाताने ओढून पुन्हापुन्हा तपासावं. या कामाला परवाना लागत नाही, आणि प्रमाणपत्राच्या उड्डाणाची बरीचशी तयारी यातच होते.