ॐकार : उच्चार, अर्थ आणि मौन

कोणत्याही कामाच्या आरंभाला मराठीत 'ओनामा' असा एक जुना शब्द आहे. पंतोजींच्या शाळेत पहिल्या दिवशी मुलाकडून 'ॐ नमः सिद्धम्' म्हणवून घेत. लहान मुलांच्या तोंडी त्याचे 'ओनामासीधं' झाले आणि पुढे त्यातला 'ओनामा' तेवढा बोलीत उरला. शब्द झिजला, पण त्यातील पहिले अक्षर मात्र झिजले नाही. ज्या अक्षराने आपल्या पूर्वजांनी वेदपठणाला आरंभ केला, त्याच अक्षराने शेतकऱ्याच्या आणि वाण्याच्या मुलानेही धुळाक्षरांना आरंभ केला. हे अक्षर उच्चारणारा माणूस नेमके काय म्हणत असतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ॐकाराविषयी बोलू लागले की बहुतेकांचे लक्ष एकदम गूढाकडे जाते. उपनिषदांनी मात्र त्याचा एक अगदी साधा अर्थही सांगून ठेवला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आरंभीच म्हटले आहे की हे अनुज्ञेचे अक्षर आहे. मनुष्य एखाद्या गोष्टीला अनुमती देतो तेव्हा 'ओम्' म्हणतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतही यज्ञातील ऋत्विज एकमेकांना याच शब्दाने प्रतिसाद व संमती देतात, असे वर्णन आहे. म्हणजे ॐ हा मुळात एक होकार आहे. आजी गोष्ट सांगत असताना नातवाने मधूनमधून हुंकार द्यावा लागतो, नाहीतर गोष्ट थांबते. हुंकार देणारा नवे काहीच सांगत नसतो. 'मी येथे आहे, मी ऐकतो आहे' एवढेच तो कळवतो. हा दृष्टांत आमचा आहे, व्युत्पत्ती नव्हे. पण ॐकाराचा भाव समजण्यास तो पुरेसा आहे. विश्वाच्या व्यवहाराला जाणतेपणाने दिलेला होकार म्हणजे प्रणव.

आता या अक्षराची घडण पाहू. अ, उ आणि म् असे त्याचे तीन अवयव. संस्कृत संधिनियमाने अ आणि उ मिळून ओ होतो. 'अ' कंठातून निघतो, त्या वेळी मुख उघडे असते. 'उ' म्हणताना ओठ गोल होऊन पुढे येतात. 'म्' म्हणताना ओठ मिटतात आणि नाद नाकावाटे घुमत राहतो. कंठापासून ओठांपर्यंतच्या या प्रवासात वाणीचे सारे क्षेत्र येऊन जाते. म्हणूनच सर्व वाणीचे प्रतीक म्हणून हे अक्षर निवडले गेले, हे सहज पटण्यासारखे आहे. देठाने जशी सर्व पाने गुंफली जावीत तशी सर्व वाणी ॐकाराने गुंफलेली आहे, असा दृष्टांत छांदोग्यातच आला आहे. काही ठिकाणी 'ओ३म्' असे लिहिलेले आढळते. त्यातील तीनचा आकडा हा प्लुत उच्चाराची, म्हणजे स्वर तीन मात्रांइतका लांबविण्याची खूण आहे.

या तीन अवयवांना तत्त्वज्ञानाचे रूप दिले ते मांडूक्य उपनिषदाने. हे उपनिषद केवळ 12 मंत्रांचे. पण त्यावर गौडपादाचार्यांनी 215 कारिका लिहिल्या आणि अद्वैत वेदान्ताची मोठी इमारत त्या पायावर उभी राहिली. भूत, वर्तमान आणि भविष्य हे सारे ॐकारच आहे आणि या तिन्ही काळांच्या पलीकडे जे आहे तेही ॐकारच, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे 'अ' म्हणजे जागृती, 'उ' म्हणजे स्वप्न आणि 'म्' म्हणजे गाढ झोप, अशी जोडणी केली आहे. यात कोठेही परलोकाची गोष्ट नाही. राजा असो वा हमाल, प्रत्येक माणूस या तीन अवस्थांतून रोज जातो. उपनिषद विचारते ते एवढेच की, जागा होता तो, स्वप्न पाहत होता तो आणि गाढ निजला होता तो, हे तिघे एकच कशावरून? तिन्ही अवस्था येतात आणि जातात. ज्याच्यापुढे त्या येतात-जातात तो मात्र राहतो. त्याला उपनिषदाने 'चतुर्थ' असे म्हटले आणि त्याच्यासाठी ॐकारात कोणतीच मात्रा ठेवली नाही. तो अमात्र आहे. तीन मात्रा उच्चारून झाल्यावर जी शांतता उरते तीच त्याची खूण.

देवळातील घंटेचा टोल ऐकू येतो, मग तो बारीक होत होत विरतो आणि कोठे संपला ते सांगता येत नाही. ध्यानबिंदु उपनिषदात प्रणवाला याच घंटानादाची आणि तेलाच्या अखंड धारेची उपमा दिली आहे. मनाने त्या विरणाऱ्या नादाच्या मागोमाग जावे आणि नाद संपला तरी मागे फिरू नये, हे खरे ॐकाराचे साधन. उच्चार हा जिना आहे. माडीवर पोचल्यावर कोणी जिन्यातच बसून राहत नाही.

येथवर आपण नादाविषयी बोललो. आकाराविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ॐ या चिन्हातील तीन वळणे म्हणजे तीन अवस्था आणि वरचा बिंदू म्हणजे चतुर्थ, असा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. तो सुंदर आहे; परंतु मांडूक्य उपनिषद मात्रांविषयी, म्हणजे नादाविषयी बोलते, चिन्हाच्या वळणांविषयी नव्हे. नादाला रूप देण्याचे मराठीतील सर्वांत हृद्य काम ज्ञानेश्वरांनी केले. 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात अकार हे गणेशाचे चरण, उकार हे विशाल उदर आणि मकार हे मस्तक ठरले. संस्कृतातील सूक्ष्म विचार अशा रीतीने घरोघरच्या गणपतीत येऊन बसला.

आणि हे काम आज वाटते तेवढे साधे नव्हते. स्त्रिया आणि शूद्र यांना प्रणवाचा अधिकार नाही, असे सांगणारी वचने आपल्या ग्रंथांत आहेत आणि ती शतकानुशतके पाळली गेली. तीन अवस्था ज्याला आहेत त्या प्रत्येकाला तीन मात्रा लागू आहेत, मग अधिकार काहींनाच का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे होता. वारकरी संतांनी वाद न घालता सर्वांना मोकळे असे नाम दिले आणि तो प्रश्न आपल्या परीने सोडविला. आज पुण्यात ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो स्त्रिया एकत्र बसून अथर्वशीर्षाचे पठण करतात. तो सामुदायिक नाद ऐकताना, एक जुने कर्ज थोडेतरी फिटत आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु अधिकार मिळाला म्हणजे अर्थ मिळाला असे नाही. आमच्या शेजारी पहाटे एक यंत्र लागते आणि ते दिवसभर ॐकार म्हणत राहते. घरातील माणसे त्याच आवाजात वर्तमानपत्र वाचतात, भांडतात आणि जेवतात. ऐकणारा कोणी नाही आणि शांततेला तर जागाच नाही. दुसरीकडे सूर्यातून ॐकार ऐकू येतो, असे संदेश हातोहात फिरत असतात. सूर्याच्या पृष्ठभागाला सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाची स्पंदने आहेत, हे खरे. त्यांचा शोध विसाव्या शतकात 1960 च्या सुमारास लागला. पण ती इतकी मंद आहेत की कानाला ऐकू येणे शक्य नाही, आणि मधल्या पोकळीतून ध्वनी येतही नाही. त्यांचे जे 'आवाज' ऐकविले जातात ते माणसानेच वेग वाढवून तयार केलेले असतात. ज्याची साक्ष आपल्या रोजच्या जागण्या-निजण्यात आहे, त्याच्यासाठी खोटी साक्ष उभी करण्याचे कारण काय?

या बाबतीत आपले पूर्वज आपल्याहून अधिक रोखठोक होते. जाणणारा आणि न जाणणारा दोघेही या अक्षराने कर्म करतात. पण जे समजून आणि श्रद्धेने केले जाते तेच अधिक सामर्थ्यवान होते, असे छांदोग्याने सांगितले. पतंजलींनी योगसूत्रांत नुसता जप सांगितला नाही, त्याच्या जोडीला अर्थाचे चिंतनही सांगितले. गीतेच्या सतराव्या अध्यायात ॐ, तत्, सत् यांचे माहात्म्य सांगून झाल्यावर शेवटी बजावले आहे की, श्रद्धेवाचून केलेले यज्ञ, दान आणि तप असत् ठरते.

तेव्हा वाचकांना आमची विनंती थोडकी आहे. दिवसातून एकदाच, पण स्वतःच्या कंठाने ॐ म्हणावे. कंठ, ओठ आणि नाक यांतून तो कसा जातो हे पाहावे. नाद संपल्यावर पुढचा उच्चार करण्याची घाई करू नये. त्या क्षणभराच्या शांततेत आपण कशाला होकार दिला, हे स्वतःला विचारावे आणि मग दिवसाच्या कामाला लागावे. ओनामा तेथून व्हावा.