हातांचा गारठा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकलूज आणि त्याभोवतीचा नीराकाठचा मुलूख उन्हासाठी प्रसिद्ध असला, तरी दिवाळी सरून साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, तेव्हा दवाने निथळणाऱ्या वाढ्यांनी मोळी आवळणाऱ्या बाईची बोटे अशी आकडतात की, गाठ बसली की नाही हे तिला हाताने कळत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते. त्याच वेळी शेजारच्या रानात, रात्रपाळीची वीज आलेली असल्यामुळे, खोरे घेऊन दारे धरणारा शेतकरी चिखलपाण्यात उभा असतो. अशा माणसांनी हात ऊबदार कसे राखावेत याविषयी जे समज पिढ्यानुपिढ्या चालत आले आहेत, त्यांतील काही निरुपद्रवी असले तरी काही निश्चितपणे अपायकारक आहेत. म्हणून त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : थंडी बाधते ती बर्फाच्या मुलखात, आपल्याकडच्या थंडीचे एवढे काय!

वस्तुस्थिती : सियाचिनच्या हिमनदीवर, जेथे १९८४ पासून आपले सैन्य तळ ठोकून आहे आणि जेथे पारा उणे ४० अंशांच्याही खाली उतरतो, तेथे उघड्या हाताने बंदुकीची नळी धरली तर कातडी लोखंडाला चिकटते आणि बोटांतील पेशीजल गोठून हिमदंश होतो, हे खरे, आणि जेथे कडाक्याच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास थांबतो त्या अकलुजास हिमदंशाचे भय नाही, हेही खरे. परंतु हात निकामी होण्यासाठी पाणी गोठावेच लागते असे नाही. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांखाली गेले की बोटांचे कसब घटू लागते आणि ८ अंशांच्या सुमारास स्पर्शज्ञान जवळजवळ लोपते. ज्याच्या हाती धारदार कोयता आहे त्याला ही तफावत जखमेच्या रूपाने भोगावी लागते. शिवाय गोठणबिंदूच्या वरच्या दमट थंडीतही बोटांवर लाल-जांभळी, खाजरी सूज येते. वाऱ्याचा हिशेब तर निराळाच आहे : हवा १० अंशांची असताना दुधाचे कॅन घेऊन ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटारसायकल हाकणाऱ्या गवळ्याच्या उघड्या हातांना ती सुमारे ६ अंशांची असल्यासारखी झोंबते.

गैरसमज : हात गारठले की दोष हातमोज्यांचा, जाड मोजे चढवले की काम भागले.

वस्तुस्थिती : हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, रक्ताने आणलेली उष्णता तो केवळ अडवून धरतो, आणि रक्तच आले नाही तर अडवायला काही उरत नाही. शरीराचा या बाबतीतला कारभार नीरा उजव्या कालव्यावरील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे : धरणात पाणी कमी पडले की सर्वांत आधी तुटतो तो टेलचा पुरवठा. छाती आणि पोट थंड पडू लागले की हृदय, मेंदू व यकृत यांच्यासाठी ऊब राखून ठेवण्याकरिता मज्जासंस्था हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते, आणि अगदी शेवटी असलेली बोटे कोरडी राहतात. म्हणूनच सुती सदऱ्यावर नुसता टॉवेल लपेटून उत्तम हातमोजे घालणाऱ्यापेक्षा, अंगात बंडी व स्वेटर घालून मनगटे झाकणाऱ्याचे हात साध्या मोज्यांतही अधिक ऊबदार राहतात. कान बांधले की थंडी पळाली, हा समजही याच मापाने तपासावा. डोके म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग, तेव्हा मफलर उपयोगी असला तरी तो स्वेटरची जागा घेऊ शकत नाही. मोजे घ्यावयाचेच तर ते सैल घ्यावेत, कारण घट्ट मोजा रक्ताची वाट अधिकच अडवतो. आणि बारीक काम नसेल तेव्हा चारही बोटे एकाच कप्प्यात ठेवणारा मोजा श्रेयस्कर, कारण त्यात बोटे परस्परांना ऊब देतात.

गैरसमज : हात ओले झाले तरी चिंता नाही, कष्टाची ऊब पुरेशी असते.

वस्तुस्थिती : हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते, त्यामुळे भिजलेला मोजा हा मोजा न घातल्यापेक्षाही कित्येकदा वाईट ठरतो. पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि दारे धरणारा त्यात हात बुडवून समाधान पावतो. पण हात बाहेर काढल्यावर वारा लागून त्या पाण्याची वाफ होऊ लागते, आणि एका ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते, ती हाताकडूनच वसूल होते. घामाचीही गत तीच : भरभर ऊस तोडताना मोज्यात मुरलेला घाम, भाकरी खाण्यासाठी टेकताच, गार पाण्याच्या पट्टीप्रमाणे वागतो. आतून पातळ सुती मोजा आणि बाहेरून रबरी, अशी दुहेरी तजवीज करून आतला मोजा ओला होताच बदलणे, त्यासाठी एक कोरडा जोड सदऱ्याच्या आत ठेवणे, आणि दारे देऊन झाल्यावर हात झटकून न थांबता ते फडक्याने पुसणे, एवढ्याने निम्मे काम होते.

गैरसमज : विडीचा झुरका, तंबाखूची चिमूट किंवा घोटभर दारू अंगात ऊब आणते.

वस्तुस्थिती : विडी व तंबाखू यांतील निकोटिन त्याच रक्तवाहिन्या आवळते ज्या थंडीने आधीच आवळलेल्या असतात, त्यामुळे झुरक्यानंतर बोटे अधिकच गार पडतात. दारूचा प्रकार उलटा, पण अधिक कपटी आहे : ती त्वचेतील रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे काही काळ ऊब भासते, परंतु ती पोटातली राखीव उष्णता अंगावर आणून उधळलेली असते, आणि वर अंगाची हुडहुडी व माणसाचा विवेक ही दोन्ही संरक्षणे ढिली पडतात. गोड गरम चहा मात्र खुशाल घ्यावा. त्यातील उष्णता अल्प असली तरी साखर शरीराच्या भट्टीला सरपण पुरवते, आणि पेला धरल्याने बोटे शेकतात ती वेगळीच.

गैरसमज : बधिर झालेले हात जोराने चोळावेत किंवा थेट जाळावर धरावेत.

वस्तुस्थिती : नेपोलियनच्या सैन्याचा शल्यवैद्य दोमिनिक लारे याने १८१२ च्या रशियन माघारीत पाहिले की, गोठलेले हातपाय शेकोटीवर धरणाऱ्या शिपायांचे अवयव सडून जातात, त्यावरून त्याने बर्फ चोळण्याचा उपाय सांगितला आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यकात प्रमाण मानला गेला. त्याचे निरीक्षण अचूक होते, उपाय मात्र चुकीचा होता. चोळल्याने गोठलेल्या पेशी फाटतात. आणि जाळाजवळ बधिर बोटाला चटका कळत नाही, त्यामुळे कोप्यांपुढे पाचट पेटवून बसलेल्यांच्या बोटांना फोड येतात ते दुसऱ्या दिवशी ध्यानात येते. हिमदंशावर मान्य उपाय म्हणजे ३७ ते ३९ अंशांचे, धडधाकट माणसाच्या कोपराला सुखाने सोसेल असे कोमट पाणी. आणि हात पुन्हा गोठण्याचा संभव असेल तर तो वितळवूच नये. आपल्याकडच्या साध्या गारठ्याला हात काखेत धरणे आणि खांद्यापासून गरगर फिरवणे पुरते. शेकोटीपाशी हात अंतर राखून धरावेत.

गैरसमज : सवय झाली की हातांना थंडी बाधत नाही.

वस्तुस्थिती : ब्रिटिश वैद्य टॉमस लुईस याने १९३० मध्ये दाखवले की, बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांतील आवळलेल्या रक्तवाहिन्या पाचदहा मिनिटांनी आपोआप काही काळ उघडतात, पुन्हा मिटतात आणि पुन्हा उघडतात. थंड पाण्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांत ही क्रिया काहीशी लवकर सुरू होते. परंतु तिला अभयपत्र मानणे धोक्याचे, कारण एकदा बाधलेला हात पुढच्या हिवाळ्यात अधिक सहज बाधतो. थोड्याशा गारव्यानेही ज्यांची बोटे पांढरीफटक, मग निळी आणि शेवटी लाल होतात, त्यांचा विकार मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्येच वर्णिलेला आहे. त्यांनी सवयीवर विसंबून न राहता डॉक्टरांना हात दाखवावा.

एवढ्या विवेचनावरून जो क्रम निष्पन्न होतो तो असा : आधी धड ऊबदार ठेवावे, मग हात कोरडे ठेवावेत, आणि त्यानंतर मोज्यांचा विचार करावा. पण हा क्रम पाळणे सर्वस्वी कष्टकऱ्याच्या हाती नाही. उचल फेडण्यासाठी पहाटेच फड गाठणाऱ्या जोडप्याला कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड पुरवणे हे मुकादमाचे आणि कारखान्याचे काम आहे. आणि शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या योजना जितक्या गावांपर्यंत पोहोचतील, तितक्या शेतकऱ्यांना हात ऊबदार राखण्याचे उपाय शोधत रात्री पाण्यात उभे राहण्याची गरजच उरणार नाही.