भुसावळला रेल्वेचे फाटे का फुटले?

मुंबईहून आलेला लोहमार्ग भुसावळला दुभंगतो. एक फाटा खांडव्याकडे जातो, दुसरा अकोल्यावरून नागपूरकडे. हे फाटे नेमके इथेच का फुटले? नकाशा उघडा.

जळगाव जिल्ह्यातील हे शहर तापीच्या दक्षिणेस वसले आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. शहराच्या पूर्वेस चांगदेव येथे तापीला पूर्णा मिळते. तापी येते ईशान्येकडून, बऱ्हाणपूरच्या बाजूने. पूर्णा येते पूर्वेकडून, वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखातून. डोंगर फोडण्यापेक्षा या सपाट खोऱ्यांतून रूळ टाकणे सोपे होते. म्हणून जिथे नद्या एकत्र येतात, तिथेच जवळ लोहमार्ग वेगळे होतात!

१८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली. वाफेच्या इंजिनांना भरपूर पाणी लागे. तेही तापीत होते. लहानशा गावाचे शहर झाले. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे १ लाख ८७ हजार लोक होते.

पुढे वाफेची इंजिने गेली, तरी जंक्शन तिथेच राहिले. खोऱ्यांनी आखून दिलेली वाट का बदलणार?

आता सांगा, तुमचे गाव आहे तिथेच का वसले? नदीमुळे, घाटामुळे की बाजारामुळे?