शब्दांच्या कुळकथा : शोक

आपल्या घरात कुणी ‘मला शोक झाला’ असं म्हणत नाही. वाईट वाटतं, जिवाला लागतं, काळीज तुटतं. शोक भेटतो तो चौकातल्या फलकावर ‘शोकाकुल’ होऊन, नाहीतर शोकसभेच्या ठरावात. असा कडक इस्त्रीतला शब्द मुळात जाळाचा आहे.

धातू ‘शुच्’. अर्थ पेटणं, तेजाळणं. ऋग्वेदात शोक म्हणजे ज्वाळा, शोचिस् म्हणजे तिची झळाळी, आणि ‘शोचिष्केश’, म्हणजे ज्याचे केसच ज्वाळांचे, हे अग्नीचं विशेषण. ग्रीष्माच्या दोन महिन्यांची वैदिक नावं शुक्र आणि शुचि. आपले ज्येष्ठ आणि आषाढ. (आषाढाला उन्हाळ्यात बसवणारे कोकणात राहत नसावेत.) बाहेरचा हा जाळ पुढे माणसाच्या आत शिरला. शोक म्हणजे होरपळ झाली, आणि कालांतराने ज्वाळेचा अर्थ विझून होरपळ तेवढी उरली. ताप, संताप, अनुताप, पश्चात्ताप या शब्दांतही तीच धग आहे, आणि मराठीत जीव जळतोच.

याच धातूची दुसरी फांदी उजेडाकडे गेली. जे तेजाळतं ते लखलखीत, जे लखलखीत ते स्वच्छ. म्हणून शुचि म्हणजे पवित्र. शुचिर्भूत आणि शोकाकुल ही अशी चुलतभावंडं. घरात मृत्यू झाला की येणारं अशौचही याच कुळातलं. आपण त्याला सुतक म्हणतो, पण ‘सूतक’ मूळचं जन्माचं, ‘सू’ म्हणजे प्रसवणे यातून आलेलं. मराठीत ते मृत्यूला चिकटलं आणि जन्मासाठी सोयर वेगळं ठेवलं गेलं.

इराणी शाखेतही हा धातू जळतच राहिला. फारसीत जाळणं ते ‘सोख्तन’, जळजळ ती ‘सोज’, आणि मृताचा शोक तो ‘सोग’. लखनौमध्ये मोहरमच्या मजलिसीत करबलाच्या शहीदांसाठी जे आर्त गायन होतं, त्याला सोजख्वानी म्हणतात. गझलेतला ‘सोज’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आपला शोक त्याचा सख्खा नातलग आहे हे सहसा ठाऊक नसतं. ‘शौक’ मात्र या घराण्यातला नव्हे, तो अरबी. त्यामुळे एखाद्याला ‘गाण्याचा शोक होता’ असं छापून येतं तेव्हा गाणाऱ्याविषयी भलतीच शंका येते.

क्रौंचवधाने कळवळलेल्या वाल्मीकींचा शोकच श्लोक झाला, ही रामायणातली कथा सगळ्यांना माहीत आहे. कथा सुंदर, व्युत्पत्ती नव्हे. श्लोक येतो ‘श्रु’ म्हणजे ऐकणे यातून. पण शोक ही काव्याची सामग्री आहे, हे शास्त्रानेही मानलं: भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव शोक, त्या रसाचा रंग पारव्याचा करडा, देवता यम.

मला स्वतःला भरताचा हा करडा रंग पुरत नाही. शोकाचं मूळ ओळखलं ते भवभूतीने. हा आपल्याकडचा कवी. आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं असं तो सांगतो, आणि वा. वि. मिराशी यांनी हे गाव आमगावजवळचं पद्मपूर असल्याचं दाखवलं. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम पुन्हा पंचवटीच्या रानात येतो. तिसऱ्या अंकाच्या आरंभी मुरला नदी तमसा नदीला रामाची अवस्था सांगते, आणि उपमा देते पुटपाकाची. पुटपाक ही वैद्यांची रीत: औषध पानांत गुंडाळायचं, वरून मातीचा लेप द्यायचा आणि गोळा निखाऱ्यांत घालायचा. बाहेरून फक्त तापलेली माती दिसते, औषध आत शिजत असतं. राजा म्हणून रामाला रडण्याची सोय नाही. त्याचा शोक असा बंद गोळ्यात भाजतो आहे. ‘शुच्’ धातूचा अर्थ कोशापेक्षा इथे जास्त नेमका कळतो. आणि पुढे त्याच अंकात जुनी झाडं, सीतेने वाढवलेला हत्ती समोर येतात तेव्हा हा लेप तडकतो. राम वारंवार मूर्च्छित होतो.

संस्कृत शोकाच्या शेजारी मराठीने स्वतःचा शब्द घडवला, दुखवटा. सरकार जाहीर करतं तोही दुखवटा, आणि नातलग दुःखातल्या घरी कपडे घेऊन जातात तोही दुखवटाच. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.