पोच आल्याशिवाय हिरवी खूण नाही

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जामठी रस्त्यावरच्या एका शेतात कापसाची वेचणी संपून काटा चालू होता. बाया गाठोडी घेऊन उभ्या होत्या आणि मालकाचा पुतण्या एकेकीचं वजन मोबाइलवर टिपत होता. एका मावशींचे ४२ किलो भरले. त्याने बटण दाबलं, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पाठवले' उमटलं. आठवड्याने मजुरी वाटताना मावशींच्या नावापुढे त्या दिवसाचा रकाना रिकामा निघाला. "दोन काड्या रेंज होती की," एवढंच पोरगा म्हणत राहिला. मावशी भांडल्या नाहीत. मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "मग माझा कापूस गेला कुठं?"

तो प्रश्न मला सोडेना. म्हणून बोदवडमध्ये अशाच नोंदींचं ॲप नव्याने बांधणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. घराच्या माडीवर त्याचं टेबल आहे आणि त्यावर पाच जुने फोन. ॲपला इंटरनेट आहे की नाही हे कळतं तरी कसं, असं मी विचारलं.

"काका, पुष्कळ ॲपना कळतच नाही. त्यांना फक्त रेंज दिसते."

रेंज म्हणजे फोनची आणि टॉवरची ओळख पटली, एवढंच. टॉवरच्या पुढची वाट बंद असेल, डेटा संपला असेल, तरी काड्या दिसतातच. स्टेशनवरच्या मोफत वायफायचंही तसंच. चिन्ह पूर्ण दिसतं, पण मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकेपर्यंत पान उघडत नाही.

म्हणून फोन स्वतः खातरजमा करतो. अँड्रॉइड फोन नव्या नेटवर्कला जोडला गेला की गूगलच्या सर्व्हरला एक छोटी विचारणा धाडतो आणि २०४ या उत्तराची वाट बघतो. २०४ म्हणजे तुझी विचारणा मिळाली, द्यायला मजकूर काही नाही. जणू कोरं पाकीट, पण ते आलं म्हणजे रस्ता चालू आहे. मध्येच कुणी लॉगिनचं किंवा रिचार्जचं पान पुढे केलं तर २०४ येत नाही आणि फोन सावध होतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲप फोनला विचारू शकतं, की नुसतं नेटवर्क आहे, का त्याची खातरजमा झाली आहे? वेचणीवाल्या त्या ॲपने हा दुसरा प्रश्न विचारलाच नसावा, असं याचं मत.

मला वाटलं, प्रश्न सुटला. तो मान हलवून म्हणाला, "ते २०४ मघाचं, काका. आत्ताचं नाही."

मग त्याने एक फोन उचलला आणि मला खाली घेऊन गेला. माजघरात ज्वारीची पत्र्याची कोठी होती. झाकण उघडताच वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा कडवट वास आला. ॲपला दर दहा सेकंदांनी एक नोंद धाडायला लावून त्याने फोन आत ठेवला आणि झाकण लावलं. पाच मिनिटांनी बाहेर काढून आतला हिशेब दाखवला: रेंज एक काडी, खातरजमा झालेली, आणि लागोपाठच्या नऊ नोंदी कुठेच पोहोचलेल्या नाहीत. २०४ होतं. मघाचं. तो कडुलिंबाचा वास आला की मला अजून त्या नऊ नोंदी आठवतात.

म्हणून त्याने आधी विचारून मग पाठवायची रीतच सोडली आहे. नोंद प्रथम फोनमध्येच लिहायची. मग पाठवायची. पलीकडच्या सर्व्हरने ती लिहून घेतल्याची पोच दिली तरच हिरवी खूण, तोवर पिवळी. पोच आली नाही तर पाच सेकंदांनी पुन्हा, मग दहा, मग वीस. यातही एक खाच आहे. नोंद पोहोचते आणि पोचच वाटेत हरवते. तेव्हा तीच नोंद दुसऱ्यांदा जाते आणि ४२ चे ८४ होतात. त्यासाठी प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक पडतो, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता नुसती पोच देतो. रजिस्टर पत्राची पोचपावती सांभाळून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

शिवारात रेंज नसणार, हे धरूनच काम व्हायला हवं. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही शेतातली नोंद फोनमध्ये ठेवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करण्याची सोय आहे. ज्याने कष्ट केले त्याला 'पाठवले' असं खोटं सांगण्यापेक्षा 'थांबलंय' असं खरं सांगणं कितीतरी बरं. ४२ किलो वेचायला दिवसभर वाकावं लागतं.

जानेवारीत त्याच शेतात नव्या ॲपवर काटा झाला. शेवटची वेचणी, कापूस विरळ. मावशींचे १८ किलो भरले आणि नोंद पिवळी राहिली. त्या हलेनात. पुतण्या मोटारसायकलवर फोन घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत गेला, परत आला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. पोच ७ वाजून १० मिनिटांनी आली होती.