पैसेवारी कोणाच्या पिकाची?

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. तरीही आर्द्रा कोरडी गेली की पऱ्हे बांधीतच पिवळे पडतात, रोवणी खोळंबते. पोटरीतल्या धानाला पाणी चुकले तर लोंबीत पोचट तेवढे उरते. २००९ साली देशात मान्सून सरासरीपेक्षा २२ टक्के कमी पडला. अशा वर्षी वाद रंगतो तो पैसेवारीचा, ५० पैशांच्या आत की बाहेर. आमचा प्रश्न निराळा आहे. ही पैसेवारी कोणाच्या पिकाची?

मदत जाते सातबाऱ्यावरच्या नावाला. बटईने धान करणाऱ्या आपल्या माणसाचा करार तोंडी. बियाणे त्याचे, घाम त्याचा, धनादेश मालकाचा! आणि रोवणीला जाणाऱ्या बायांचे काय? त्या थोड्या दिवसांच्या मजुरीवर घरची मीठमिरची चालते. पंचनाम्यात बुडालेल्या रोजाला रकानाच नाही.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेल्याचे आम्हाला दुःख नाही. पण तलावांत साचलेल्या गाळाचा जाब कोणी द्यायचा? गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या पाण्याचे नियोजन मांडणारे बाबासाहेब १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून पोटनिवडणूक हरले, हेही जिल्ह्याने आठवावे.

रोवणी खोळंबली त्याच आठवड्यात गावच्या तलावाचे गाळकाम निघाले पाहिजे, मजुरी थेट बायांच्या हाती. तहसीलदारांच्या निवेदनात ही मागणी पहिली लिहा, कर्जमाफी तिच्याखाली.